द बॉइन की पेराँ?
शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या या दोन परक्या सरदारांत माझं माप द बॉइनच्या पदरात. त्याने महादजींसाठी कवायती पलटणी उभारल्या, पगार वेळेवर दिला, जखमी शिपायालाही वाऱ्यावर सोडलं नाही. १७९० मध्ये राजस्थानातल्या पाटणला आणि मग मेडत्याला राजपुतांची दाणादाण उडाली ती याच पलटणींच्या जोरावर. इंग्रजांवर हत्यार उचलणार नाही, ही त्याची अट होती खरी. पण निदान उघड तरी होती!

द बॉइननंतर पेराँला तीच फौज आणि गंगा-यमुनेच्या दोआबाचा वसूल आयता मिळाला. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेक अलीगढवर चालून आला आणि थोड्याच दिवसांत हे महाशय महादजींचे वारस दौलतराव यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेले. किल्ल्यातले शिपाई मात्र ४ सप्टेंबरला जिवावर उदार होऊन लढले.