सांगलीत घराशेजारी उभारलेले जुन्या गाडीचे वर्कशॉप: सोळा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा वडिलांची प्रीमियर पद्मिनी गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या बोळात उभी होती आणि पुढचे काही दिवस ती टपासकट पाण्याखाली राहिली. नंतर ती ओढून विश्रामबागेकडच्या नव्या घरी आणली, ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि आज करू, उद्या करू म्हणत काही वर्षे तशीच जाऊ दिली. शेवटी घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत १६ बाय २४ फुटांची पत्र्याची शेड उभारून तिचे काम स्वतः करायचे ठरवले. त्या शेडमध्ये आता सोळा महिने आणि दोन पावसाळे काढून झाले आहेत. कोणत्या वस्तू उपयोगी पडल्या आणि कोणत्या निव्वळ हौसेपोटी घेतल्या गेल्या, हे सांगण्याइतका वापर झाला असल्याने हा अनुभव लिहीत आहे. यंत्रांविषयी पुढे लिहिलेच आहे, परंतु माझ्या कामाचे बरेवाईट यंत्रांपेक्षा जमीन, वीज आणि कोरडी हवा या तीन गोष्टींवरच ठरत गेले.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल, कारण सर्वांत मोठी चूक आणि सर्वांत शहाणपणाचा खर्च हे दोन्ही तिथेच झाले. आमच्या भागात वरचा थर काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते, त्यामुळे तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट एकदोन वर्षांत तडकते. म्हणून तीन फूट माती काढून टाकली, नऊ-नऊ इंचांच्या थरांत मुरूम भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केली आणि वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून सहा इंच जाडीचे एम-२० प्रतीचे काँक्रीट ओतले. गाडी आत घेण्यापूर्वी पूर्ण २८ दिवस थांबलो. आजवर या भागात केसाएवढीही भेग नाही. दाराबाहेरच्या उताराखालची माती मात्र काढली गेली नव्हती. ‘तिथं काय, नुसता रॅम्प तर आहे,’ असे ठेकेदार म्हणाला आणि मीही मान डोलावली. पहिल्याच मे महिन्यात त्या उताराला रुपयाचे नाणे उभे जाईल एवढी भेग पडली आणि ट्रॉली जॅकचे पुढचे चाक आजही तिच्यात अडकते.

जमीन सपाट हवी हा माझा आग्रह आमच्या गवंड्याला अतिरेकी वाटत होता, त्याचे कारण येथे देतो. पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा असल्याने दाराखालची पोकळ पट्टी कापली की गाडीचा मधला भाग खचू शकतो आणि मग दार कधीच नीट बसत नाही. म्हणून पट्टी कापण्याआधी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, गाडी उभी करून, गवंडी वापरतात त्या पारदर्शक पाण्याच्या नळीने चारही टेकू एका पातळीत आणले, दारांच्या चौकटींचे कर्ण मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवले आणि चौकटीत एक इंची चौकोनी पाइपचे आडवे-तिरके आधार वेल्डिंगने धरले. डावी पट्टी कापली तेव्हा आतून कृष्णेच्या गाळाची एक सलग लांब वडी निघाली. ती इतकी घट्ट वाळलेली होती की तिच्या एका बाजूवर पत्र्याच्या जोडाची रेघ उमटलेली दिसत होती. त्या गाळाने धरून ठेवलेल्या ओलीनेच पट्टी आतून खाल्ली होती. बाहेरचा रंग त्या जागी तोवर शाबूत होता.

आता चुकीविषयी. प्रत्येक जुन्या फिटरच्या गॅरेजात खड्डा असतो, म्हणून मीही तीन फूट रुंद आणि पाच फूट खोल खड्डा बांधून घेतला. गवंड्याने एकदा नव्हे, दोनदा सावध केले होते. पहिल्या जुलैत सिमेंटच्या गिलाव्यातून पाणी झिरपू लागले आणि रोज सकाळी वीतभर पाणी उपसणे हेच माझे पहिले काम होऊन बसले. पाण्यापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे त्या उघड्या खड्ड्यामुळे शेडमधली हवा सतत दमट राही आणि संध्याकाळी घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर सकाळी तांबूस झाक आलेली असे. पेट्रोलच्या टाकीचा नट सैल केला त्या दिवशी धोक्याची खरी कल्पना आली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते, ती खाली उतरून खड्ड्यात साचते आणि हँडलॅम्पच्या सैल जोडातली एक ठिणगीही तिला पुरते. त्याच आठवड्यात खड्डा मुरमाने भरून टाकला. आता तीन टनी घोड्या आणि चाकांची फळी एवढ्यावर खालचे सर्व काम होते. पाठ दुखते, हे मान्य.

विजेच्या बाबतीत सुरुवातीलाच थोडा जास्त खर्च केला, त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला, मीटरपासून शेडपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार आणली, वेगळे अर्थिंग केले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवला. कॉम्प्रेसरची दोन अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, त्यामुळे घरगुती वापराचा बी-कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाह येताच पडणारा स्विच) प्रत्येक वेळी पडत असे. सुरुवातीचा असा झटका सोसणारा सी-कर्व्ह बसवल्यावर हा त्रास थांबला. तरीही संध्याकाळी सात-आठच्या सुमारास दाब उतरला की मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. अशा वेळी ती तत्काळ बंद करावी, अन्यथा वाइंडिंग जळते.

कॉम्प्रेसरविषयी सविस्तर लिहितो, कारण खरेदीपूर्वी मला हे कोणी सांगितले नाही. १०० लिटर टाकीचा दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर घेताना विक्रेत्याने जो सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा सांगितला, तो पिस्टनच्या हालचालीवरून काढलेला होता. प्रत्यक्षात बाहेर मिळणारी हवा त्याहून बरीच कमी असते. कमी दाबाने पण भरपूर हवेवर चालणाऱ्या एचव्हीएलपी स्प्रे गनला सतत दहा-बारा सीएफएम लागतात. परिणामी एका दाराचा प्रायमर व्यवस्थित बसे, परंतु बॉनेटच्या मध्यावर येईपर्यंत दाब पडे आणि पुढच्या अर्ध्या भागावर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत थर येई. कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घेतल्यावर हे निभावले. वाळूच्या माऱ्याने गंज काढण्याचे भांडे मात्र या कॉम्प्रेसरवर अर्धा मिनिटसुद्धा नीट चालत नाही. शिवाय नदीची किंवा साधी सिलिकाची वाळू उडवणे हा फुफ्फुसांशी खेळ आहे, आणि पातळ पत्रा त्या माऱ्याने वाकतो तो वेगळाच. ती खरेदी सरळ सरळ वाया गेली.

दाबलेली हवा तापते आणि नंतर थंड होताना तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत उतरते. मार्चमध्ये हे पाणी थेंबभर असते, तर जुलैत दिवसभराच्या कामानंतर तळाचा कॉक उघडला की अर्धा पेलाभर तांबूस पाणी निघते. हेच पाणी पाइपातून गनपर्यंत गेले की ओल्या प्रायमरवर माशाच्या डोळ्यांसारखे बारीक खळगे पडतात. मी उजव्या मडगार्डावर तीन वेळा प्रायमर मारला, तीन वेळा घासून काढला आणि दोष रंगाला देत राहिलो. उपाय स्वस्त निघाला. २५ फूट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप भिंतीवरून टाकीकडे थोडा उतार देऊन नेला, गनकडे जाणारी शाखा पाइपच्या वरच्या अंगाने काढली, शेवटी खाली उतरणारा तुकडा व कॉक लावला आणि पाण्याचा ट्रॅप कॉम्प्रेसरजवळ न ठेवता या पाइपच्या टोकाला बसवला, कारण हवा थंड झाल्यावरच ट्रॅप पाणी पकडू शकतो. या कामासाठी पीव्हीसी पाइप अजिबात वापरू नये, तो फुटला तर त्याचे तुकडे उडतात.

वेल्डिंगसाठी साधे आर्क मशिन घरात होते. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याला ते भोके पाडते, हे पहिल्याच तासात कळले. ०.८ मिलिमीटर तारेचे मिग मशिन (गॅसच्या आवरणात तार वितळवून जोड देणारे) घेतले आणि २० गेजच्या सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याचे तुकडे टाचले. एक टाका मारायचा, वीतभर सोडून दुसरा मारायचा आणि हात लावता येईल इतके थंड होऊ द्यायचे, ही शिस्त पाळली तर पत्रा लाटा धरत नाही. शेडची दारे उघडी असताना वारा आला की गॅसचे आवरण उडते आणि टाका सच्छिद्र होतो, म्हणून दारावर जाड कनातीचा पडदा लावला आहे.

शेडला पंखे आहेत आणि छतावर फिरता व्हेंटिलेटरही आहे, तरी एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरानंतर आत थांबवत नाही. उजेडाचे मात्र समाधान आहे. छतावरच्या एलईडी ट्यूबपेक्षा गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला आडव्या लावलेल्या दोन ट्यूब अधिक कामाच्या ठरल्या, कारण पत्र्यातली लाट तिरप्या उजेडातच दिसते. शेजारच्या काकूंनी एकदाच येऊन सांगितले, ‘अहो, दुपारी दोन ते चार तेवढं ते घासायचं यंत्र बंद ठेवा, बाकी काही म्हणणं नाही.’ तेव्हापासून त्या वेळेत मी सुटे भाग धुतो किंवा डब्यांची लावालाव करतो.

डब्यांचा विषय किरकोळ वाटेल, परंतु नट-बोल्टांसाठी श्रीखंडाचे रिकामे डबे आणि त्यांवर मास्किंग टेप ही पद्धत तेलकट हातांनी चार महिन्यांत निकामी केली. शाई पुसली गेली आणि मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे शॅकल कोणते, इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट कोणते, याचा घोळ झाला. आता ॲल्युमिनियमच्या पट्टीवर अंक ठोकून ती तारेने बांधतो आणि सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढतो. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या, त्यामुळे हरवलेला बारीकसारीक भाग सहज मिळेल हा भरवसा आता उरलेला नाही.

लेथ घ्यावा असे अनेकांनी सुचवले. मला तो अनावश्यक वाटतो. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून ओतकाम आणि लेथकाम या जिल्ह्याच्या अंगात आहे. कुपवाडला किंवा माधवनगर रस्त्याला जुना बुश नमुन्यादाखल नेऊन दिला, तर संध्याकाळपर्यंत तसाच नवा हातात मिळतो. इंजिन काढण्यासाठी एक टनी चेन पुली पुरेशी आहे. ती शेडच्या कैचीला मात्र टांगू नये. मी तिच्यासाठी स्वतंत्र खांबांवर गर्डर टाकला आहे.

शेवटचा रंग घरी मारण्याचा बेत सोडून दिला. टू-के पीयू (दोन घटक मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये फुफ्फुसांना घातक आयसोसायनेट असते, त्याला साधा कार्ट्रिजचा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि आमच्या शेडला लागून स्वयंपाकघराची खिडकी आहे. त्यामुळे एपॉक्सी प्रायमरपर्यंतचे काम घरी करून गाडी रंगाच्या बूथमध्ये देणार आहे. तोवर ब्रेक ऑइलची बाटली रंगवलेल्या भागांपासून दूर, खालच्या कप्प्यात ठेवली आहे, कारण त्याचा एक ओघळ काउलवरचा (पुढच्या काचेखालच्या पत्र्यावरचा) ताजा टॉपकोटचा नमुना रात्रीत उचलून गेला होता.

वाळूच्या माऱ्याचे ते भांडे पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात उभे आहे. ज्याच्याकडे पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आणि मोकळे शेत असेल, त्याला ते निम्म्या किमतीत देण्याची माझी तयारी आहे.