ओटीबाहेरचा प्रेशर मॉनिटर खोटा निघाला, तुमचा तपासून घ्या

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यात ज्यांचं छोटं हॉस्पिटल, नर्सिंग होम किंवा आयव्हीएफ लॅब आहे, त्यांनी हे कृपया पूर्ण वाचावं. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर खोलीतल्या हवेचा दाब दाखवणारा डिजिटल बॉक्स लावतात. आमच्याकडे जो लावून दिला होता, तो दाब मोजतच नव्हता. दाब मोजणारा सेन्सर त्यात बसवलेलाच नव्हता. तरीही त्यावर रोज आकडा दिसत होता, थोडा वरखाली होत होता, आणि आमच्या सिस्टर तो रजिस्टरमध्ये लिहून सही करत होत्या.

मी पाचपाखाडीतल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचं प्रशासन बघते. आमच्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया जास्त होतात. रुग्ण बरेचसे शहापूर, मुरबाड, बदलापूरकडचे, वयस्कर, नातवाचा हात धरून सकाळच्या लोकलने येणारे. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून ही फसवणूक मला पैशाच्या फसवणुकीहून फार मोठी वाटते. आमच्याकडे संसर्ग झाला नाही, त्याचं श्रेय डॉक्टरांच्या हाताला आणि सिस्टरच्या शिस्तीला आहे. त्या बॉक्सला काडीचंही नाही.

हा दाब कशासाठी लागतो ते आधी सांगते, कारण ते कळलं की लबाडी कुठे केली तेही कळतं. एएचयू, म्हणजे हवा गाळून थंड करून आत सोडणारं यंत्र, ओटीत जेवढी गाळलेली हवा ढकलतो, त्यापेक्षा थोडी कमी हवा परत खेचतो. उरलेली हवा दाराच्या फटीतून बाहेर पडत राहते, त्यामुळे कॉरिडॉरमधली धूळ आणि जंतू आत शिरत नाहीत. क्षयरोगाच्या आयसोलेशन खोलीत याच्या उलट असतं, तिथे हवा आत खेचली गेली पाहिजे. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या ओटीसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत किमान २.५ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) धन दाब, म्हणजे बाहेरपेक्षा आत जास्त दाब, आणि तासाला किमान २० वेळा हवा बदलणं, त्यातली ४ वेळा ताजी, असं सांगितलेलं आहे. २.५ पास्कल म्हणजे पाण्याचा पाव मिलिमीटर उंचीचा स्तंभ. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो, त्याचा हा चाळीस हजारावा हिस्सा. एवढा फरक ना कानाला जाणवतो ना त्वचेला. आकडा खरा की खोटा हे माणसाला नुसतं उभं राहून कळण्याचा मार्गच नाही, आणि याच गोष्टीवर या लोकांचा धंदा चालतो.

आमच्याकडे जो आला तो अतिशय अदबीने बोलणारा, आपल्याच बोलीतला माणूस होता. "ताई, ऑडिटला हे लागणारच आहे, नंतर धावपळ नको," असं म्हणत त्याने कळव्यातल्या, ऐरोलीतल्या चार हॉस्पिटलांची नावं सांगितली. बिल ६५,००० रुपयांचं, वर जीएसटी, वर्षाच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्राचा आकडा बरोबर आहे ना ते तपासण्याचे, पैसे वेगळे. बसवल्यावर त्याने प्रात्यक्षिकही करून दाखवलं. दार बंद असताना ८.२. दार उघडलं की आकडा सरसर खाली येऊन ०.४ च्या आसपास थांबला आणि बझर वाजला. दार लावलं की हळूहळू चढत पुन्हा आठावर. डॉक्टर, मी, ओटी टेक्निशियन सगळे समोर उभे होतो. खऱ्या यंत्राने जसं वागायला हवं, हुबेहूब तसंच ते वागलं.

प्रकार उघडकीला आला तो आमच्या ओटीतल्या मावशींमुळे. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवली होती. शस्त्रक्रिया नव्हत्या, त्यामुळे एएचयू बंद होता. मॉनिटर मात्र यूपीएसवर असल्यामुळे चालू. मावशी पुसून बाहेर आल्या, दार लावलं आणि मला हाक मारली, "ताई, आतली हवा बंद हाय ना? मग ह्यो आकडा तेवढाच कसा?" बॉक्सवर ८.१ होतं. खोलीत एक झुळूकही येत नव्हती, मग दाब येणार कुठून? रजिस्टर उघडून मागची पानं पाहिली तर सगळीकडे ७.९, ८.०, ८.१, ८.२. पावसाळ्यात तेच, मे महिन्यात तेच, फिल्टर साफ करायच्या आधी तेच आणि नंतरही तेच.

त्याच दिवशी रबाळ्याच्या एका एसीवाल्या मेकॅनिकला बोलावलं. तो पूर्वी औषध कंपन्यांच्या क्लीनरूमची कामं करायचा. त्याने आधी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात एक छोटा चुंबकी स्विच होता. तसा स्विच चांगल्या मॉनिटरलाही असतो, कारण कोणी आत-बाहेर करताना उगाच अलार्म वाजू नये म्हणून दार उघडलं आहे हे यंत्राला कळावं लागतं. त्यामुळे त्याचा संशय येण्याचं काही कारणच नव्हतं. मेकॅनिकने दाराच्या फळीवरचा चुंबक स्क्रू काढून हातात घेतला, दार सताड उघडं ठेवलं आणि चुंबक स्विचजवळ धरला. आकडा चढायला लागला आणि आठावर जाऊन थांबला. दार उघडं, एएचयू बंद, आणि भिंतीवर आठ पास्कल. आमच्या टेक्निशियनचा चेहरा पांढरा पडला होता.

मग बॉक्स उघडला. खाली बाहेरच्या बाजूला दोन पितळी नळीटोकं होती, त्यांना पारदर्शक सिलिकॉनच्या नळ्या नीट बसवलेल्या. आत मात्र ती टोकं नुसती चिकटवलेली होती, त्यांच्या मागे काहीच नव्हतं. एक छोटा सर्किट बोर्ड, डिस्प्ले, बझर आणि त्या स्विचची वायर, बस्स. आकडा दशांशात थोडा हलता ठेवायची सोय तेवढी केलेली. नळ्यांपैकी एक फॉल्स सीलिंगमध्ये नेऊन तिचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं होतं.

दोन नळ्या का हव्यात, हेही सांगायला हवं. बाहेरच्या हवेचा दाब दिवसभरात शंभराहून अधिक पास्कलने आपोआपच बदलतो. म्हणून एकट्या खोलीचा दाब मोजून काही समजत नाही. एक नळी ओटीत आणि दुसरी कॉरिडॉरमध्ये लागते, आणि सेन्सर त्या दोन दाबांतला फरक मोजतो. एकच नळी असलेला, किंवा दोन्ही नळ्या एकाच खोलीत सोडलेला मॉनिटर कोणी बसवून देत असेल, तर तिथेच थांबवा.

वीज आल्यावर एएचयू पूर्ण वेगाने चालवून मेकॅनिकने आपल्या मायक्रोमॅनोमीटरने खरा दाब मोजला. ०.६ पास्कल. हवेतले अगदी बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर तुंबला होता आणि ब्लोअरचा पट्टा सैल झाला होता. फिल्टर हळूहळू भरत जातो, हवा हळूहळू कमी होते, आणि ते वेळेवर कळावं एवढ्यासाठीच हा मॉनिटर लावायचा असतो. मला सर्वांत जास्त संताप याचा आहे. मॉनिटर नसता तर निदान कोणीतरी अधूनमधून हवा तपासून घेतली असती. त्या खोट्या आकड्याने आमची तपासण्याची गरजच मारून टाकली.

प्रमाणपत्राचीही तीच गत. वर्ष सरल्यावर त्यांचा माणूस ब्रीफकेस घेऊन आला होता, दार लावून काहीतरी केलं, बॉक्सवर हिरवं स्टिकर लावलं आणि नंतर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या चिन्हासकट रंगीत कागद पाठवला. तो आता बारकाईने पाहिला. कॅलिब्रेशन लॅबचा एनएबीएल क्रमांक सीसी अक्षरांनी सुरू होतो, टीसी हे चाचणी लॅबचं. आमच्या कागदावर टीसी होतं. एनएबीएलच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून लॅब कोणती आणि तिला नेमकं काय तपासायची मान्यता आहे ते बघता येतं. आम्ही बघितलं, तर तो क्रमांक भलत्याच लॅबचा होता आणि तिचा दाबाशी काही संबंध नव्हता. शिवाय खऱ्या प्रमाणपत्रात वेगवेगळ्या बिंदूंवर प्रमाण उपकरणाचा आकडा, तुमच्या यंत्राचा आकडा, दोन्हींतली चूक आणि मापनाची अनिश्चितता असं सगळं दिलेलं असतं. आमच्या कागदावर प्रत्येक बिंदूवर चूक ०.०. एवढ्या नाजूक दाबाला असा एकही खरा सेन्सर सापडणार नाही.

नवीन मॉनिटर घेताना आणखी एक प्रकार समोर आला. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही, पण परिणाम तोच. दुसऱ्या एका पुरवठादाराने काट्याचा गेज स्वस्तात देऊ केला, पल्ला ० ते ५०० पास्कल. गेज खरा होता. पण त्याची अचूकता पूर्ण पल्ल्याच्या २ टक्के, म्हणजे १० पास्कल इकडे किंवा तिकडे. त्यावर अडीच पास्कल वाचायचे म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर मंगळसूत्र तोलण्यासारखं आहे. तो पल्ला फिल्टरच्या दोन बाजूंमधला फरक बघायला ठीक आहे. खोलीसाठी उणे ३० ते अधिक ३० किंवा ० ते ६० असा लहान पल्ला मागा, आणि अचूकतेची टक्केवारी कशाच्या किती टक्के हे लेखी घ्या.

आता आम्ही पैसे चुकते करण्याआधी काय करून घेतलं ते सांगते. तुमच्या भिंतीवर आधीपासून बॉक्स असेल तर हे आजही करता येईल, फक्त शस्त्रक्रियांची वेळ सोडून. पहिली गोष्ट, दार लावून एएचयू बंद करायला लावा. आकडा शून्याकडे यायलाच हवा. नुसत्या दार उघडण्याच्या प्रात्यक्षिकावर समाधान मानू नका, आम्हाला नेमकं तेच दाखवून गुंगवलं होतं. मग दोन्ही नळ्या यंत्रापासून काढायला सांगा, तेव्हा शून्य दिसलं पाहिजे. थोडाफार फरक असेल तर तिथेच शून्य जुळवून घेतात. नंतर नळ्या उलट्या जोडायला लावा, अधिकचा आकडा उणे झाला पाहिजे. नळीत तोंडाने फुंकू देऊ नका, एवढ्याशा दाबाचा सेन्सर त्याने खराब होऊ शकतो. नळी बोटांत हलकेच दाबली तरी आकडा उडी मारतो. आणि यंत्रावर अजिबात विश्वास नसेल तर टिश्यू पेपरची पातळ पट्टी बंद दाराच्या खालच्या फटीशी धरा, ओटीत धन दाब असेल तर पट्टी कॉरिडॉरकडे उडते. किती पास्कल हे पट्टी सांगणार नाही, पण हवा कुठल्या दिशेने चालली आहे याबाबत ती खोटं बोलत नाही.

कॉरिडॉरची नळी कुठे सोडायची यावरही लक्ष ठेवा. लिफ्टच्या समोर, एसीच्या झोताखाली किंवा सारख्या उघडझाप होणाऱ्या दाराजवळ सोडली तर आकडा नाचत राहतो आणि मग कर्मचारी कंटाळून अलार्मच बंद करून टाकतात. आम्ही अलार्म २.५ वर लावला आहे आणि त्याला अर्ध्या मिनिटाचा विलंब दिला आहे, म्हणजे ट्रॉली आत नेताना तो ओरडत नाही. रजिस्टरमध्ये सिस्टर आता आकड्याबरोबर एएचयू चालू की बंद हेही लिहितात. ओटी सुरू करण्याआधीची आणि नंतरची अशा दोन्ही नोंदी असल्या की आकडा जिवंत आहे की नाही ते रोजच्या रोज दिसतं.

त्या माणसाला फोन केला तेव्हा आधी म्हणाला, "सेन्सर गेला असेल ताई, बॉक्स पाठवून द्या, दोन दिवसांत नवा लावतो." आम्ही बॉक्स दिला नाही. तो आग्रह वाढत गेला, स्वतः न्यायला येतो म्हणाला, आणि आम्ही उघडून पाहिल्याचं सांगताच फोन बंद झाला. बिलावरच्या पत्त्यावर घोडबंदर रोडला गेलो तर त्या नावाचं तिथे कोणीच नव्हतं. जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचाच, पण जीएसटीच्या पोर्टलवर टाकल्यावर नोंदणी रद्द झालेली दिसली. हा क्रमांक तपासायला मिनिटभर लागतं आणि कुणालाही तपासता येतो.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे पूर्वीचं ४२०, आणि बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरल्याबद्दल कलम ३४०, असं वकिलांनी तक्रारीत लिहिलं. बॉक्स, चुंबक, नळ्या, प्रमाणपत्र, बँकेच्या नोंदी आणि दार उघडं ठेवून आकडा चढतानाचा व्हिडिओ सोबत दिला. पैसे परत मिळालेले नाहीत.

त्याने सांगितलेल्या चार हॉस्पिटलांना मी फोन केले. दोघांनी या माणसाकडून काहीच घेतलेलं नव्हतं, त्यांचं नाव परस्पर वापरलं होतं. बाकीच्या दोघांकडे तोच बॉक्स निघाला: पांढरा, आडवा, हिरवे आकडे, मागे ना मॉडेल नंबर ना सीरियल नंबर, आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात चुंबकी स्विच. तुमच्याकडे असा बॉक्स असेल तर एएचयू बंद करून व्हिडिओ काढा, बॉक्स भिंतीवरून कुणालाही काढून नेऊ देऊ नका, दुरुस्तीच्या नावानेही नाही, आणि तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्या. एकापेक्षा जास्त तक्रारी असल्या तर त्याला "एकाच यंत्रातला बिघाड" म्हणून सुटता येणार नाही.