मुका मार: आंबेहळदीचा लेप की बर्फ?

कोल्हापुरात गांधी मैदानावर रविवारी फुटबॉल खेळणाऱ्याला मुका मार काही नवा नाही. दोन्ही उपाय मी स्वतःवर करून बघितलेत. मागच्या वर्षी नडगीवर लेप लावला. यंदा कुणाचं तरी कोपर डोळ्याखाली बसलं, तेव्हा बर्फ. तेही मेव्हणीचा साखरपुडा आठ दिवसांवर असताना.

आईचा कौल अर्थातच लेपाला. सहाणेवर आंबेहळद आणि रक्तचंदनाची बाहुली उगाळायची, कोमट करून लावायची. वास छान येतो, बरंही वाटतं. शिवाय आखाड्याच्या मातीतसुद्धा हळद आणि ताक घालणारं हे गाव. इथं हळदीला नावं ठेवायची माझी छाती नाही. नडगी दोन आठवड्यांत साफ झाली. आता ती लेपानं झाली की आपली आपण, देव जाणे. एवढ्या दिवसांत असा डाग तसाही जातोच.

बर्फात माया नाही. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, पहिले दोन दिवस. कातडीखाली फुटलेल्या बारीक नसांतून रक्त पसरतं, ते गारव्यानं आवरतं. म्हणून लगेच लावला तर उपयोग. पुढं कोमट शेक. चोळायचं कधीच नाही.

माझं मत फिरलं ते पिवळ्या रंगावरून. डाग आधी लालसर, मग काळानिळा, हिरवट आणि शेवटी पिवळा होत उतरतो. पिवळं दिसलं की समजायचं, आता चाललाच. पण लेपाखाली डाग पिवळा झालाय की हळद चढलीय, हेच कळेना! आणि हळद काढायला घासावं, तर मार दुखतो. उशीचा अभ्रा गेला तो वेगळाच. पायावर हे खपून गेलं. तोंडावर खपलं नसतं.

कारण झाकायचं होतं. काळ्यानिळ्यावर नुसता कातडीच्या रंगाचा कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) लावला, की राखेसारखा दिसतो. बायकोनं आधी निळेपणा मारायला नारंगी करेक्टर बोटानं टिपून घेतला, वर कन्सीलर, मग पावडर. स्वच्छ कातडीवर हे जमतं, हळदीवर रंगाचा मेळच बसला नसता, असं आपलं मला वाटतं. बाकी कुणाला लेपाचा गुण येत असेल तर येवो.

एक मात्र आहे. डोळ्याला मार लागून अंधुक दिसत असेल, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर सहाण आणि फ्रीज दोन्ही सोडून सरळ दवाखाना गाठा.

नडगीला लागलं तर मी अजूनही आईपुढं पाय पसरतो. तिथं कोण बघायला येतंय? फक्त पॅंट जुनी घालायची.