रस्ट कन्व्हर्टर: पद्मिनीच्या पत्र्यावर दोन पावसाळ्यांचा अनुभव

वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी मांगरात नऊ वर्षे उभी होती. तिच्या पुनर्बांधणीचे काम आम्ही तीनदा हाती घेतले आणि तिन्ही वेळा अर्धवट सोडले. त्यामुळे फॉस्फरिक आम्लाच्या रस्ट कन्व्हर्टरविषयी, म्हणजे गंजावर लावायच्या द्रावणाविषयी, हे जे लिहितो आहे, ते रखडलेल्या कामाच्या दृष्टीने लिहितो आहे. रंगकाम लगेच होणार असेल, तर या द्रावणाची निकड कमी असते. खरवडलेला पत्रा आणि प्रायमर यांच्यात जिथे दिवसांचे अंतर पडते, तिथे त्याची खरी गरज भासते.

एका मे महिन्यात आम्ही चारही दरवाजे आणि बॉनेट ग्राइंडरने उघड्या पत्र्यापर्यंत साफ केले होते. वेल्डिंगवाल्याला वेळ मिळाला नाही, तोवर मृगाचा पाऊस आला आणि दोन दिवसांत सगळा पत्रा नारिंगी झाला. कोकणातील खाऱ्या, दमट हवेत उघडे लोखंड ठेवू नये, हे मला तेव्हा कोणीतरी बजावून सांगायला हवे होते.

पुढच्या उन्हाळ्यात हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या लिटरचा डबा आणला. यातील फॉस्फरिक आम्ल गंजाशी, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडशी, संयोग पावून लोह फॉस्फेटचा काळसर, चिकटून राहणारा थर तयार करते. हे घडण्यासाठी द्रावण गंजाच्या मुळापर्यंत पोहोचावे लागते, म्हणून सुटे पोपडे तारेच्या ब्रशने काढून आणि तेलकटपणा थिनरने पुसूनच ते लावावे. बॉनेटवर आणि दरवाज्यांच्या बाहेरच्या बाजूस, जिथे गंज वरवरचा होता, तिथे परिणाम उत्तम आला. मात्र हा थर सच्छिद्र असतो. तो रंगाची जागा घेऊ शकत नाही. मी दोन दिवसांत प्रायमर मारला आणि मधला पावसाळा उलटून गेल्यावरही तिथे एक फुगवटा आलेला नाही.

प्रायमरच्या बाबतीत डब्यावरील सूचना अक्षरशः पाळाव्यात. उरलेले आम्ल धुऊन काढण्यास सांगितले असेल, तर ते धुवावे आणि पत्रा लगेच पूर्ण कोरडा करावा. डाव्या मडगार्डवर मी हे घाईत टाळले आणि तिथला इपॉक्सी प्रायमर नखाने निघाला. दोष द्रावणाचा नव्हता.

खरी निराशा तळाच्या पत्र्याने केली. चालकाच्या पायाखालच्या रबरी मॅटखाली जाड फेल्ट असते, आणि ते वर्षानुवर्षे ओल धरून बसले होते. द्रावण लावताच तो भाग एकसारखा काळा, निरोगी दिसू लागला. मी समाधानाने स्क्रूड्रायव्हरने ठोकून पाहिले, तर टोक आरपार गेले. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे तळ आणि दरवाज्यांखालचे बॉक्स सडले तर गाडीची ताकदच जाते. अशा ठिकाणी सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही, आणि वरून लांबी (पुट्टी) भरून तो झाकणे तर बसणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे. दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेल्या गंजापर्यंतही हे द्रावण पोहोचत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की आधी ठोकून पाहावे आणि मगच डबा उघडावा, कारण काळा झाल्यावर चांगला व वाईट पत्रा डोळ्यांना सारखाच दिसतो.

हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत. दरवाज्याच्या आतील बाजूस काम करताना थेंब वरून अंगावर पडतात. त्याच वेळी दरवाज्याच्या तळाची पाणी निचऱ्याची भोके तारेने मोकळी करून घ्यावीत. आमच्या दोन दरवाज्यांत ती मातीने बुजलेली होती आणि आतून गंज तिथूनच सुरू झाला होता. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधण्याचेही आम्ही थांबवले, कारण आतली वाफ बाहेर पडत नाही.

पत्रा शाबूत असेल तर मी हे द्रावण निःसंकोच सुचवीन, पण एका वेळी एकच भाग खरवडावा, कन्व्हर्टर लावावे, प्रायमर मारावा आणि मगच पुढच्या भागाला हात लावावा. आमचे चारही दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण या पद्धतीने पूर्ण झाले आहे. तळाचा पत्रा दिवाळीनंतर कापायचा आहे, आणि या वेळी वेल्डिंगवाल्याची तारीख पक्की झाल्याशिवाय ग्राइंडर लावणार नाही.