दोन बोल्ट की तीन? स्प्रिंट ट्रायथलॉन आणि काळी माती

७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. एवढ्याशा शर्यतीसाठी पेडल आणि बुटांवर किती डोकं चालवायचं, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, शर्यतीपुरतं नको, सरावापुरतं चालवा. शर्यत तासा-दीड तासात उरकते, पण त्याआधी कित्येक महिने तेच बूट घालून जळगाव-धुळ्याकडच्या रस्त्यांवर फिरायचं असतं. म्हणून पुण्या-मुंबईच्या मित्रांचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही.

साधं पेडल आणि रनिंग शूज, याचा निकाल आधी लावून टाकतो. पहिलीच शर्यत असेल, ती पूर्ण करण्यापलीकडे काही मनात नसेल, तर नवीन काहीच घेऊ नका. सायकल रॅकला लावली की तसेच धावायला मोकळे. दुसऱ्या ट्रान्झिशनला, म्हणजे सायकल सोडून धावायला निघताना, बूट बदलायचेच नाहीत. लेसच्या जागी इलॅस्टिकच्या लेस टाका आणि पेडल मात्र बारीक खिळ्यांचं घ्या, कारण पोहून आल्यावर ओल्या पायानं घातलेला बूट गुळगुळीत प्लास्टिकवर ठरत नाही. पट्ट्यांचा पिंजरा, म्हणजे टो-क्लिप, मी कुणाला सुचवत नाही. पट्टा आवळला तर पाय वेळेवर निघत नाही आणि सैल ठेवला तर तो लावून उपयोग काय?

खरा पेच त्यापुढचा. क्लिपवालं पेडल, म्हणजे बुटाच्या तळव्याला बोल्टनं बसवलेला तुकडा (क्लीट) ज्यात ‘टक्’ करून अडकतो ते, घ्यायचं ठरलं, तर रोडचं तीन बोल्टवालं घ्यायचं की एसपीडी, दोन बोल्टवालं?

दोन्हींची घराणी वेगळी आहेत. तीन बोल्टवालं आलं लूक या फ्रेंच कंपनीकडून, १९८४ मध्ये. ही मंडळी मुळात बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची बांधणी करायची. पुढच्याच वर्षी बर्नार इनोनं त्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली आणि डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींत पट्टे मागे पडले. एसपीडी शिमानोनं १९९० मध्ये आणलं ते माउंटन बाइकसाठी, म्हणजे जिथे मधेच उतरून चिखलातून सायकल ओढावी लागते तिथल्यासाठी. पहिल्याच्या रचनेत चालणं धरलेलंच नाही. दुसऱ्यात ते आधीपासून धरलेलं आहे.

रोडच्या जोडीवर मी बराच काळ सायकल चालवली आहे, त्यामुळे तिची बाजू मोकळेपणानं मांडतो. क्लीट रुंद असते, जोर तळव्यावर पसरून पडतो, लांब चढावर पायाखाली काहीतरी भरीव असल्यासारखं वाटतं. लळिंगचा घाट चढताना हा फरक मला जाणवायचा. मोजलेला नाही, पण जाणवायचा. बूटही हलका, ट्रायथलॉनचा घेतला तर वर एकदोन वेल्क्रो पट्टे आणि टाचेला ओढायला लूप. टीव्हीवर दिसतं तसं बूट आधीच पेडलला अडकवून, रबर बँडनं आडवे धरून, अनवाणी पळत येऊन सायकलवर उडी घ्यायची असेल तर जोडी हीच.

आता त्या अनवाणी पळण्याचं आपल्याकडे काय होतं ते बघा. तलावाच्या किंवा धरणाच्या काठावर शर्यत असेल तर पाण्यापासून रॅकपर्यंतची वाट बहुधा मुरमाची किंवा मातीची. आयोजकांनी सतरंजी अंथरली तर ठीक. नाही तर सराटे आणि बाभळीचा काटा पोहणाऱ्याचा ओला, मऊ पडलेला तळवा बरोबर शोधून काढतात. मग बूट रॅकपाशीच घालावे लागतात, हेल्मेटचा पट्टा लावून माउंट लाइनपर्यंत, म्हणजे जिथून पुढे सायकलवर बसता येतं त्या रेषेपर्यंत, सायकल हातात धरून जावं लागतं, आणि तिथे रोडची क्लीट पाय वाकडे टाकायला लावते.

तेही सोसलं असतं. मला खरं पिडलं ते काळ्या मातीनं.

आपल्याकडे डांबर संपलं की लगेच काळं शिवार. समोरून केळीचा ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडत आला की सायकलवाल्यानं कडेला उतरायचं, हा अलिखित नियम. पाऊस होऊन गेलेला असो, कडेच्या पिकाला पाणी सोडलेलं असो, की ट्रॅक्टरनं शेतातून चिखल रस्त्यावर आणलेला असो. एक पाय खाली टेकला की क्लीटला लेप बसतो. रोडची क्लीट तळव्याच्या बाहेर आलेली असते आणि पेडलमध्ये बसण्यासाठी तिची पुढची जीभ नि मागची कड दोन्ही स्वच्छ लागतात. त्यात कणभर चिकण गाळ राहिला की ‘टक्’ होत नाही. तुम्ही दाबता, पाय घसरतो, पुन्हा दाबता. बाटलीतलं पाणी ओतलं तर लेप आणखी चिकट होतो. तसंच ठेवून पुढे गेलात तर उन्हात त्याची वीट होते आणि मग कडुनिंबाची काडीही मोडते. एका पायानं अडकून, दुसऱ्यानं नुसतं टेकून एरंडोलकडून परत येताना एका बांधावरच्या काकांनी विचारलं होतं, “हाई काय शे, भाऊ?” मी पेडल म्हणालो, पण माझाही विश्वास बसत नव्हता.

रबरी टोप्या मिळतात क्लीटवर चढवायला. पण त्या काढा, खिशात ठेवा, पुन्हा चढवा. ट्रक तेवढा वेळ थांबत नाही.

एसपीडीत माती अडकत नाही असं मी म्हणणार नाही. अडकते. पण क्लीट लहान, पोलादी आणि तळव्याच्या खाचेत आत बसलेली असल्यामुळे जमिनीला आधी बुटाचे रबरी दात लागतात. पेडलही सगळीकडून उघडं, त्यामुळे दोनदा जोरानं पाय आपटला की बराचसा गाळ पलीकडून बाहेर पडतो. शिवाय दोन्ही बाजूंनी अडकतं. रोडचं पेडल सुटलं की जडशी बाजू खाली करून लोंबतं, ते बोटानं उचलून सरळ करावं लागतं. दमछाक करून पाण्यातून आलेल्या माणसाला ते काम नको असतं.

उणिवा आहेतच. शिमानोच्या एम५२० या साध्या एसपीडी पेडलची जोडी ३८० ग्रॅमच्या आसपास भरते, बूटही जड. मऊ तळव्याचा बूट घेतला तर जोर एका रुपयाएवढ्या जागेवर येतो आणि चवड्याखाली आग होते. २० किलोमीटरमध्ये ती मला फारशी कळत नाही, दुप्पट अंतरात मात्र कळते. म्हणून एसपीडी घ्याल तर पैसे पेडलवर नाही, कडक तळव्याच्या बुटावर घाला. लेस नकोत, वेल्क्रो हवा, आणि बूट मोज्याशिवाय घालून बघा, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. पेडलचा ताण सुरुवातीला पार सैल ठेवा.

गुडघे कुरकुरत असतील तर रोडच्या बाजूनं एक मुद्दा आहे. शिमानोच्या पिवळ्या क्लीटमध्ये टाचेला ६ अंश फिरायला जागा असते, निळीत २, लालमध्ये शून्य. दुकानदार लाल देऊ लागला तर पिवळी मागून घ्या.

कामावरही त्याच सायकलनं जाणार असाल तर शिमानोचं ईएच५०० हे पेडल बघा, एका बाजूला एसपीडी, दुसऱ्या बाजूला सपाट. शर्यतीत योग्य बाजू शोधावी लागते एवढीच तक्रार.

तुमचा सराव ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर, किंवा चौपदरी महामार्गावरच होत असेल, आणि पुढे ऑलिंपिक अंतराचे ४० किलोमीटर डोक्यात असतील, तर रोडची जोडी घ्यायला माझी हरकत नाही. माझी अजून घरच्या ट्रेनरवर लावलेली आहे. बाहेर निघताना मी एसपीडीच घालतो. जून ते ऑक्टोबर तर दुसरा विचारही करत नाही.