बेंचवरचा नंबर दोन की खालच्या लीगमधला नंबर एक? तरुण इंग्लिश गोलकीपरपुढचे रस्ते

समजा, मुलगा १८ वर्षांचा आहे, प्रीमियर लीगमधल्या मोठ्या क्लबच्या अकादमीत वाढलाय आणि गोलकीपर आहे. क्लब म्हणतो, थांब, नवा करार देतो. लीग टूमधला, म्हणजे चौथ्या पायरीवरच्या लीगमधला, एक क्लब म्हणतो, ये, शनिवारपासून तूच खेळशील. मुलगा विंगर असता तर निर्णय एवढा जड गेला नसता, कारण विंगरला शेवटची पंधरा मिनिटं तरी मिळतात. कीपरला तीही नाहीत. पहिला जखमी होत नाही किंवा रेड कार्ड घेत नाही, तोवर दुसरा बेंचवरून उठत नाही. क्रिकेट बघणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे. यष्टीरक्षक किरण मोरे ४९ कसोटी खेळले, त्याच काळातले आपले दुसरे यष्टीरक्षक चंद्रकांत पंडित फक्त ५.

आधी वरच्या मजल्यावरची परिस्थिती बघा. सर्वाधिक क्लीन शीटसाठीचा (म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या सामन्यांसाठीचा) प्रीमियर लीगचा गोल्डन ग्लोव्ह इंग्लिश कीपरने शेवटचा जिंकला तो २०१४-१५ मध्ये, जो हार्टने. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत चेक, कोर्त्वा, डे हेआ, अलिसन, एडरसन, राया, सेल्स अशीच नावं आहेत. नियमित कीपर इंग्लिश असलेला विजेता संघ शोधायचा तर २०१३-१४ च्या मँचेस्टर सिटीपर्यंत मागे जावं लागतं. तिथेही हार्टच.

मग होमग्रोनचा नियम कशाला आहे, असं कोणीही विचारेल. २५ जणांच्या यादीत जास्तीत जास्त १७ जण होमग्रोन नसलेले चालतात. पण होमग्रोन म्हणजे इंग्लिश नव्हे. एकविशी गाठण्याआधी तीन हंगाम इंग्लंड-वेल्समधल्या क्लबकडे नोंदणी असली की पासपोर्ट कुठलाही चालतो. डेव्हिड राया स्पॅनिश, पण सोळाव्या वर्षी ब्लॅकबर्नला आला, म्हणून होमग्रोन. शिवाय यादीतली संख्या भरायला तिसरा कीपर इंग्लिश घेणं क्लबला सोयीचं पडतं. या नियमाने मुलाला खुर्ची मिळते, हातमोजे मिळत नाहीत. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावं, कारण नव्या कराराच्या आनंदात हीच गोष्ट नजरेआड होते.

थांबण्याचा रस्ता कसा दिसतो? स्कॉट कार्सन २०१९ ते २०२५ सिटीत होता. पदकं मिळाली, सामने मिळाले दोन. तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता, आधीची कारकीर्द खेळून आलेला, त्यामुळे त्याचा निर्णय मला पूर्ण पटतो. अठराव्या वर्षी तेच करणं म्हणजे रोज उत्तम स्ट्रायकरांचे फटके अडवायचे आणि शनिवारी वॉर्म-अप उरकून कोट चढवायचा. सरावात पाय आणि हात सुधारतात. ८८व्या मिनिटाला १-० ने पुढे असताना गर्दीत येणारा कॉर्नर पकडायचा की मुठीने बाहेर ढकलायचा, हे सरावात शिकता येत नाही, कारण तिथे चुकलं तरी काही बिघडत नाही. थांबून भलं झालेलेही आहेत. आयर्लंडचा केल्हर लिव्हरपूलमध्ये अलिसनमागे थांबला, २०२२ च्या लीग कप फायनलमध्ये ११-१० अशा शूटआउटमध्ये खेळला. पण नंबर एक व्हायला त्यालाही २०२५ मध्ये ब्रेंटफर्डला जावं लागलं. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्तिनेझ आर्सेनलमध्ये २०१० पासून होता. दार उघडलं २०२० मध्ये, तेही पहिला कीपर लेनो जखमी झाला म्हणून. दहा वर्षं! इतका धीर आणि इतकं नशीब गृहीत धरून मुलाचं आयुष्य आखू नये.

दुसरा रस्ता लोनचा, म्हणजे करार मूळ क्लबशीच, पण काही काळ खेळायचं दुसऱ्या क्लबकडून. जॉर्डन पिकफर्ड संडरलंडच्या अकादमीतला. डार्लिंग्टन, अल्फ्रेटन, बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन असे सहा क्लब फिरून आला. पुढे एव्हर्टन आणि इंग्लंडसाठी दोन युरो फायनल. डीन हेंडरसन मँचेस्टर युनायटेडचा मुलगा, पण स्टॉकपोर्टकडून सहाव्या पायरीवरच्या लीगमध्ये उभा राहिला, मग ग्रिम्सबी, श्रूसबरी, शेफील्ड युनायटेड. अशा मैदानांवर वाऱ्याने क्रॉस वळतो, सेंटर-फॉरवर्ड कोपर लावतो आणि तुमच्याच संघातल्या बचावपटूचं घर जिंकल्यावर मिळणाऱ्या बोनसवर चालतं. तो तुम्हाला ओरडून जागं ठेवतो. हेंडरसन मँचेस्टर युनायटेडला परतला तेव्हा जागा पक्की झालीच नाही, म्हणून २०२३ मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला. १७ मे २०२५ ला वेम्बलीवर एफए कप फायनलमध्ये सिटीच्या मार्मूशची पेनल्टी त्याने अडवली, पॅलेस १-० ने जिंकलं.

पण लोन फसतंही. सॅम जॉन्स्टन मँचेस्टर युनायटेडकडून लोनमागून लोनवर गेला आणि तिथल्या मुख्य संघाकडून एकही सामना न खेळता २०१८ मध्ये वेस्ट ब्रॉमला गेला. इंग्लंडची कॅप मिळाली ती त्यानंतर. म्हणून लोनवर पाठवताना तीन गोष्टी तोंडावर विचाराव्यात: तिथे आत्ता कीपर कोण आहे, मॅनेजरने स्वतः मागितलंय की क्लबने गळ्यात मारलंय, आणि जानेवारीत परत बोलावण्याचा हक्क कोणाकडे आहे.

तिसरा रस्ता, मोठ्या क्लबशी नातं तोडून लहान क्लबचा होणं. निक पोपला इप्सविचने सोळाव्या वर्षी सोडलं. तो बरी टाउनसारख्या खालच्या, अर्धव्यावसायिक पातळीवरच्या क्लबात खेळला, त्या दिवसांत दुधाच्या बाटल्याही टाकल्या, २०११ मध्ये चार्ल्टनने उचललं. पुढे बर्न्ली, न्यूकासल, इंग्लंड. रॅम्सडेल बोर्नमथ आणि शेफील्ड युनायटेडबरोबर सलग दोनदा प्रीमियर लीगमधून खाली घसरला, तरी २०२१ मध्ये आर्सेनलने घेतलं. कारण उघड आहे: हरणाऱ्या संघाच्या कीपरला शनिवारी भरपूर काम असतं आणि ते सगळ्यांना दिसतं.

आणि परत बोलावलं तर? जेम्स ट्रॅफर्ड सिटीच्या अकादमीतला. ऍक्रिंग्टन, बोल्टन, मग बर्न्ली. २०२४-२५ मध्ये बर्न्लीने चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच्या लीगच्या, ४६ सामन्यांत अवघे १६ गोल खाल्ले, त्याच्या क्लीन शीट २९. उन्हाळ्यात सिटीने परत घेतलं, लीगचे पहिले तीन सामने खेळवलं, आणि सप्टेंबर उजाडताच इटलीचा कीपर डोन्नारुम्मा आला. ट्रॅफर्डच्या कामात कमी होती म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. मोठ्या क्लबला तयार कीपर हवा असतो आणि जगातून कुठूनही विकत घेण्याइतका पैसा त्याच्याकडे असतो. कीपरची चूक थेट स्कोअरबोर्डवर चढते, म्हणून शिकाऊ मुलाला तिथे शिकू देण्याची हिंमत फार थोडे मॅनेजर करतात.

माझ्या घरचा मुलगा असता तर आत्ता लोनच घ्यायला लावलं असतं, शक्यतो लीग टू किंवा त्याहून एक पायरी खाली, पूर्ण हंगामासाठी. वीस-एकविसाव्या वर्षी हिशेब एकाच आकड्याचा करायचा: मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये किती सामने झाले. पन्नास-साठच्या घरात असतील आणि तरी मूळ क्लब नंबर दोनचीच भाषा बोलत असेल, तर सही दुसरीकडे. पगार कमी असला तरी. नव्या क्लबशी बोलताना पहिला प्रश्न पैशाचा नको, ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्याचा हवा: त्या दिवशी गोलमध्ये कोण उभं राहणार?