चार्जरवरचं स्टिकर नखाने उचकटून बघा

मानवत तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं. खरिपाच्या पीकविम्याची मुदत ३१ जुलैला संपणार, दारात रांग लागलेली, आणि नेमका तेव्हाच चार्जर गेला.

परभणीला एका दुकानातून नवीन आणला. "भाऊ, कंपनीचाच हाय, डोळे झाकून न्या." ९५० रुपये मोजले. बिल मागितलं तर चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. घाईत होतो, तीच खिशात घातली.

पहिल्या दिवसापासून चार्जर लावला की टचपॅड वापरताना स्क्रीनवरचा बाण नाचायचा, काढला की गप्प. डबी इतकी तापायची की हातात धरवत नव्हती. मी दोष गावच्या लाइटला दिला. चौथ्या दिवशी जळका वास आला आणि लॅपटॉप बंद.

दुरुस्तीवाल्या पोराने स्टिकर नखाने उचकटलं. वरच्यावर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. त्याच्याखाली दुसरं स्टिकर होतं: १९ व्होल्ट, २.३७ अँपिअर. गुणाकार केला तर ४५ वॅट! माझ्या लॅपटॉपला ६५ लागतात. डबी फोडली तर कोपऱ्यात लोखंडाची पट्टी चिकटवलेली, हाताला वजन लागावं म्हणून. २३० व्होल्टची वीज आत येते तिथं वीज गाळून साफ करणाऱ्या फिल्टरच्या कॉइलची जागा सर्किटवर छापलेली होती, पण कॉइल नव्हतीच, नुसती तार जोडलेली. बाण नाचायचा तो यामुळेच, असं पोरगं म्हणालं.

बीआयएस म्हणजे वस्तूंचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था, भारतीय मानक ब्युरो. तिच्या खुणेजवळ 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला, तर निघाला भलत्याच कंपनीच्या एलईडी दिव्याचा! हे दुकानात उभं राहून दोन मिनिटांत बघता आलं असतं. वजनावर जाऊ नका, आकडे गुणून बघा, आणि पक्कं बिल मिळत नसेल तर वस्तू तिथंच ठेवून निघा.

दुकानदार म्हणाला, "बिल दाखवा." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तरी माझ्या हातात ती चिठ्ठीच.

दुरुस्तीला साडेचार हजार गेले, ते फिटतील. शेजारच्या गावातून उसना लॅपटॉप आणून रात्री उशिरापर्यंत अर्ज भरले, तरी दोघांचे राहिलेच. त्यातल्या एका मावशींनी सकाळपासून माझ्या ओट्यावर बसून वाट बघितली होती.